सार्वभौमत्वाची हाक : युरोपातील उजव्या लोकानुनयवादी पक्षांचा निवडणूक प्रचार

गेल्या तीन-साडेतीन दशकांत युरोपातील निवडणुकांमध्ये राष्ट्राचे सार्वभौमत्व हा प्रचाराचा मुद्दा झाला. एके काळी राज्यशास्त्राच्या आणि घटनाकायद्याच्या ग्रंथांत वावरणारी ही कल्पना सभांच्या व्यासपीठांवर, बसगाड्यांच्या अंगावर आणि दूरचित्रवाणीवरील वादचर्चांत उतरली. ब्रिटनमध्ये ‘नियंत्रण परत घ्या’, इटलीत ‘आधी इटालियन’, फ्रान्समध्ये ‘जनतेच्या नावाने’, हंगेरीत ‘ब्रसेल्सला रोखू या’ अशा घोषणा गाजल्या. घोषणा निरनिराळ्या असल्या तरी गाऱ्हाणे एकच होते : देशाचे निर्णय देशात होत नाहीत, ते दूर बसलेले, कोणी निवडून न दिलेले लोक घेतात आणि देशातला वरचा वर्ग त्यांना साथ देतो. हे गाऱ्हाणे सर्वांत जोरकसपणे मांडले ते उजव्या लोकानुनयवादी पक्षांनी. त्यात तथ्य आहे आणि म्हणूनच ते लाखो मतदारांना पटले. मात्र या प्रचारात सार्वभौमत्वाचे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. राष्ट्राच्या वर कोणी आहे काय, हा एक प्रश्न. राष्ट्राच्या आत जनतेच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर मत मागताना दुसऱ्याचे उत्तर परस्पर ठरवून टाकले जाते. या प्रचाराचे बळ त्यात आहे आणि लोकशाहीला असलेला त्याचा धोकाही त्यातच आहे.

हे दोन्ही प्रश्न जुने आहेत. धर्मयुद्धांनी होरपळलेल्या फ्रान्समध्ये ज्याँ बोदँ याने १५७६ मध्ये सार्वभौम सत्तेची मांडणी केली. राज्यात अखेरचा शब्द एकाचाच असला पाहिजे आणि त्याची वाटणी होऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. इंग्लंडमधील यादवीनंतर थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये तोच विचार पुढे नेला. दोघांच्याही नजरेसमोर प्रामुख्याने राजा होता. रूसोने १७६२ मध्ये अखेरचा शब्द जनतेला दिला आणि १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याने सार्वभौमत्व राष्ट्राच्या ठायी असल्याचे घोषित केले. एका राज्याच्या कारभारात दुसऱ्याने ढवळाढवळ करू नये, हे दुसरे तत्त्वही याच काळात रुळत गेले. त्याचा संबंध सामान्यतः १६४८ च्या वेस्टफालिया तहाशी जोडला जातो.

विसाव्या शतकातील दोन महायुद्धांनंतर या दोन्ही तत्त्वांना मुरड घालावी लागली. राष्ट्राच्या आणि जनतेच्या नावाने उभ्या राहिलेल्या राजवटींनी इटली आणि जर्मनीत काय केले, ते जगाने पाहिले होते. म्हणून १९४८ मध्ये अमलात आलेल्या इटलीच्या राज्यघटनेचा पहिलाच अनुच्छेद सांगतो की सार्वभौमत्व जनतेचे आहे आणि जनता ते राज्यघटनेने ठरवून दिलेल्या रीतीने व मर्यादेत वापरते. पश्चिम जर्मनीने १९४९ च्या मूलभूत कायद्यात संसदेचे कायदेही तपासू शकेल अशा घटना न्यायालयाची तरतूद केली. आत बहुमताला राज्यघटनेची चौकट आणि बाहेर राष्ट्रांना परस्परांतील करारांची चौकट, अशी युद्धोत्तर पश्चिम युरोपची घडी बसली. पुढे ज्या प्रचाराने मूळ धरले त्याचा रोख या दोन्ही चौकटींवर आहे.

बाहेरची चौकट टप्प्याटप्प्याने वाढत गेली. १९५१ च्या पॅरिस कराराने सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांवरील नियंत्रण एकत्र आणले. १९५७ च्या रोम कराराने सामाईक बाजारपेठेचा पाया घातला. १९६४ मध्ये एका छोट्याशा तंट्यातून मोठा निकाल आला. इटलीने वीजकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले तेव्हा मिलानमधील एका वकिलाने विजेचे किरकोळ बिल भरायला नकार दिला आणि हे राष्ट्रीयीकरण रोम कराराशी विसंगत असल्याचा दावा लावला. त्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केले की या करारांतून उभ्या राहिलेल्या युरोपीय समूहाचा कायदा आणि सदस्य देशाचा कायदा यांत विरोध आला तर समूहाचा कायदा वरचढ ठरेल. ही गोष्ट तेव्हा सामान्य नागरिकांपर्यंत फारशी पोहोचली नाही. मतदारांच्या नजरेत हा विषय आला तो १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारामुळे. सामाईक चलन आणि युरोपीय नागरिकत्व आणणाऱ्या त्या कराराला डेन्मार्कच्या मतदारांनी पहिल्या सार्वमतात नकार दिला. फ्रान्समध्ये तो जेमतेम ५१ टक्क्यांनी तरला.

त्यानंतरच्या घटनांनी नाराजीला कारण पुरवले. २००५ मध्ये युरोपीय राज्यघटनेचा मसुदा फ्रान्सच्या सुमारे ५५ टक्के आणि नेदरलँड्सच्या सुमारे ६२ टक्के मतदारांनी फेटाळला. त्यातला बराचसा मजकूर २००७ च्या लिस्बन करारात आला आणि या दोन्ही देशांत तो सार्वमत न घेता संसदेतून मंजूर झाला. २०१५ च्या जुलैत ग्रीसच्या ६१ टक्के मतदारांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या. काही दिवसांतच तेथील सरकारला कडक अटी स्वीकाराव्या लागल्या. त्याच वर्षी दहा लाखांहून अधिक निर्वासित आणि स्थलांतरित समुद्रमार्गे युरोपात पोहोचले. सप्टेंबरमध्ये १,२०,००० निर्वासितांची सदस्य देशांत वाटणी करण्याचा निर्णय बहुमताने झाला. हंगेरी, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि रुमानिया यांचा विरोध असतानाही तो त्यांच्यावर बंधनकारक ठरला. आपण नाही म्हटले तरी होणारे होतेच, अशी भावना यातून पसरली. ती कोणी कानात भरवलेली नव्हती; तिला प्रत्यक्ष घटनांचा आधार होता.

ही भावना मतांत बदलण्याचे काम ज्या पक्षांनी केले त्यांना एका नावाखाली आणताना त्यांची लक्षणे नेमकी सांगितली पाहिजेत. सवलतींची आणि फुकट वाटपाची आश्वासने देणे हा लोकानुनय येथे अभिप्रेत नाही. डच राज्यशास्त्रज्ञ कास मुडे याने २००४ मध्ये केलेली मांडणी सर्वाधिक वापरात आहे : समाज दोन गटांत विभागलेला आहे, एका बाजूला निर्मळ जनता आणि दुसऱ्या बाजूला भ्रष्ट उच्चवर्ग, आणि राजकारण म्हणजे जनतेच्या इच्छेचा आविष्कार, असे मानणारी ती विचारसरणी होय. ही विचारसरणी स्वतः पातळ असते. ती डाव्या किंवा उजव्या विचाराला चिकटून उभी राहते. ग्रीसचा सिरिझा, स्पेनचा पोदेमोस हे डावे पक्षही जनतेच्या सार्वभौमत्वाबद्दल बोलले. त्यांचा रोख बँका, कर्जदाते आणि काटकसरीची धोरणे यांच्यावर होता. उजवे पक्ष त्यात आणखी एक अट घालतात. त्यांच्या लेखी जनता म्हणजे जन्माने, भाषेने, धर्माने वा संस्कृतीने एक असलेले राष्ट्र. त्यामुळे स्थलांतरित, अल्पसंख्याक आणि कधी कधी राजकीय विरोधकही या जनतेच्या बाहेर राहतात. जर्मन विचारवंत यान-वेर्नर म्युलर याने २०१६ मध्ये नेमके यावर बोट ठेवले : खरी जनता फक्त आम्हीच, हा दावा या राजकारणाचा गाभा आहे.

प्रचारात हे सगळे एका कथेच्या रूपाने येते आणि तिचे तीन भाग असतात. देश पूर्वी आपल्या मनाचा मालक होता, हा पहिला. ती मालकी कोणीतरी काढून घेतली, हा दुसरा. त्यात युरोपीय संघाचे ब्रसेल्समधील नोकरशहा, परदेशी न्यायाधीश, जागतिक भांडवलदार आणि त्यांना फितूर झालेले घरचे नेते अशी पात्रे असतात. तिसऱ्या भागात ती मालकी परत मिळवण्याचे आश्वासन असते. या कथेत ‘परत’ या शब्दाला फार वजन आहे. नवे काही मागायचे नसून हक्काचेच परत घ्यायचे आहे, हे त्यातून सूचित होते. सार्वभौमत्व ही अमूर्त कल्पना मतदारांसमोर सरहद्द, कायदा, पैसा आणि न्यायालय या चार ठोस रूपांत उभी केली जाते. आपल्या देशात कोण येतो, आपले कायदे कोण करतो, आपला पैसा कोण खर्च करतो आणि आपल्यावर निवाडा कोण देतो, हे प्रश्न घटनाकायदा न वाचलेल्या माणसालाही लगेच कळतात.

युरोपीय संघातून बाहेर पडण्याबाबतचे ब्रिटनमधील २०१६ चे सार्वमत या प्रचाराचा सर्वांत गाजलेला नमुना आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेला युनायटेड किंग्डम इंडिपेंडन्स पार्टी हा पक्ष बरीच वर्षे कडेला होता. नायजेल फराज यांच्या नेतृत्वाखाली त्याने युरोपीय संघाचा प्रश्न स्थलांतराशी जोडला आणि २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत सुमारे २७ टक्के मते घेऊन तो ब्रिटनमध्ये पहिला आला. त्याच्या धास्तीने हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी आधीच, २०१३ मध्ये, सार्वमताचे आश्वासन दिले होते. प्रत्यक्ष प्रचाराची मुख्य धुरा ‘व्होट लीव्ह’ या सर्वपक्षीय संघटनेकडे होती आणि तिचे अनेक चेहरे हुजूर पक्षाचे होते. कडेच्या पक्षाने घडवलेली भाषा मुख्य प्रवाहातील पक्षाने उचलल्याचे हे उदाहरण आहे.

त्या प्रचारातील तीन गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत. पहिली, लाल रंगाची बस. ब्रिटन युरोपीय संघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते राष्ट्रीय आरोग्य सेवेला देऊ या, असा मजकूर तिच्यावर होता. ब्रिटनला मिळणारी सूट आणि परत येणारा निधी त्या आकड्यातून वजा केलेला नव्हता आणि देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने तो दिशाभूल करणारा ठरवला. तरीही सार्वभौमत्व आणि दवाखान्यातली खाट यांचा थेट संबंध मतदारांच्या मनात जुळला. दुसरी, तुर्कस्तानचा फलक. सात कोटी साठ लाख लोकसंख्येचा तुर्कस्तान युरोपीय संघात येत आहे, असे त्यावर लिहिले होते. नव्या देशाला प्रवेश देण्यासाठी प्रत्येक सदस्य देशाची संमती लागते. म्हणजे तुर्कस्तानला रोखण्याचा पूर्ण अधिकार ब्रिटनच्या हाती होता. जे सार्वभौमत्व शाबूत होते तेच या फलकाने झाकले. तिसरी गोष्ट फराज यांचा फलक. २०१५ मध्ये क्रोएशिया-स्लोव्हेनिया सीमेजवळ टिपलेल्या निर्वासितांच्या लांबलचक रांगेचे छायाचित्र त्यावर होते. सरहद्दीवरील तपासणीविना प्रवास करू देणाऱ्या शेंगेन क्षेत्रात ब्रिटन कधीच नव्हता आणि त्या रांगेतील लोकांना ब्रिटनच्या सरहद्दीवर पारपत्र दाखवल्याशिवाय प्रवेश मिळणार नव्हता.

२३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. या सार्वमताचा भारताशी, आणि विशेषतः गोव्याशी, एक खरा धागा आहे. राष्ट्रकुल देशांच्या ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नागरिकांना मतदानाचा अधिकार होता. त्यामुळे भारतीय पारपत्रावर लंडनमध्ये नोकरी करणारा मराठी माणूसही मत देऊ शकत होता. दुसरीकडे, १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमलामुळे पोर्तुगालचे नागरिकत्व घेऊन स्विंडनसारख्या गावांत स्थायिक झालेल्या गोवेकरांना मत नव्हते. त्यांचा ब्रिटनमधील मुक्काम ज्या मुक्त संचाराच्या हक्कावर आधारलेला होता त्याचाच निकाल त्या दिवशी लागत होता. सार्वभौम जनतेत कोणाची गणना होते, ही बाब कायद्याने आखलेल्या रेषांवर किती अवलंबून असते, ते यावरून दिसते.

निकालानंतरचा घटनाक्रमही तितकाच बोलका आहे. ब्रिटनच्या संसदेचे आणि न्यायालयांचे अधिकार परत आणायचे, असे प्रचारात सांगितले गेले होते. बाहेर पडण्याची प्रक्रिया संसदेच्या मंजुरीविना सुरू करता येणार नाही, असा निकाल ब्रिटनच्याच उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये दिला, तेव्हा ‘डेली मेल’ या दैनिकाने पहिल्या पानावर न्यायाधीशांना जनतेचे शत्रू ठरवले. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. फेब्रुवारी २०१७ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत तर असे नमूद होते की सदस्यत्वाच्या सर्व काळात संसद सार्वभौमच होती, पण नेहमी तसे वाटत नव्हते. स्कॉटलंडमधील ६२ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूची होती. तेथे त्यानंतर स्कॉटिश सार्वभौमत्वाची मागणी नव्याने पुढे आली. ‘लोकांची इच्छा’ एकच आहे असे गृहीत धरले की ते लोक म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

फ्रान्समध्ये वाट वेगळी होती. १९७२ मध्ये स्थापन झालेली नॅशनल फ्रंट १९८० च्या दशकात सोव्हिएत साम्यवादाविरुद्ध एकवटलेल्या युरोपची भाषा बोलत असे. मास्ट्रिख्टनंतर तिने बाजू बदलली. सार्वभौमत्वाचा मुद्दा मुळात तिचा नव्हताच; जनरल द गोल यांचा वारसा सांगणारे फिलिप सेगँ आणि डावीकडचे ज्याँ-पिएर शव्हेनमाँ यांनी १९९२ मध्ये तो हिरिरीने मांडला होता. मारीन ल पेन २०११ मध्ये नॅशनल फ्रंटच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांनी हा वारसा आपल्या पक्षाकडे ओढून घेतला. २०१७ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील त्यांच्या १४४ आश्वासनांतले पहिलेच चलन, कायदे, प्रदेश आणि अर्थव्यवस्था या चार बाबतींतील सार्वभौमत्व फ्रेंच जनतेला परत करण्याचे होते. निवडणूक डाव्या-उजव्यांची नसून देशभक्त आणि जागतिकीकरणवादी यांच्यातील आहे, असे त्या सांगत राहिल्या.

हा मुद्दा अडला तो चलनापाशी. ३ मे २०१७ च्या वादचर्चेत प्रतिस्पर्धी उमेदवार इमान्युएल माक्राँ यांनी युरोबद्दल विचारल्यावर ल पेन यांना फ्रान्सचे चलन आणि युरो एकत्र कसे चालतील, हे नीट सांगता आले नाही. आयुष्यभराची बचत युरोत असलेल्या निवृत्त मतदारांसाठी हा सिद्धांताचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या फेरीत त्यांना सुमारे ३४ टक्के मते मिळाली. त्यानंतर युरो सोडण्याचा आणि संघातून बाहेर पडण्याचा मुद्दा पक्षाने मागे ठेवला. २०२२ च्या जाहीरनाम्यात संघात राहूनच सार्वमताद्वारे राज्यघटना बदलायची, फ्रेंच कायद्याला युरोपीय कायद्यावर अग्रक्रम द्यायचा आणि नोकऱ्या-घरांत फ्रेंच नागरिकांना प्राधान्य द्यायचे, अशी मांडणी आली. त्या वेळी मते ४१ टक्क्यांच्या पुढे गेली. ब्रिटनच्या ब्रेक्झिटोत्तर अडचणी पाहून युरोपातील इतर पक्षांनीही हाच मार्ग धरला. नेदरलँड्समध्ये खेर्त विल्डर्स यांच्या पक्षाने २०२३ ची निवडणूक बाहेर पडण्यासाठी सार्वमताचे आश्वासन देऊन जिंकली. आघाडी करताना मात्र ते बाजूला ठेवले. बाहेर पडण्याऐवजी आत राहून आतून बदलणे, हे आता या पक्षांचे सर्वसाधारण धोरण झाले आहे.

हंगेरी आणि पोलंडमध्ये हे पक्ष दीर्घकाळ सत्तेवर राहिले, म्हणून सार्वभौमत्वाच्या प्रचाराचे पुढचे रूप तेथे दिसते. हंगेरीच्या स्मृतीत १९२० च्या त्रिआनों तहाने गेलेला दोन तृतीयांश प्रदेश आहे, १९५६ चा सोव्हिएत रणगाड्यांखाली चिरडलेला उठाव आहे. तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी या स्मृतीचा आधार घेऊन ब्रसेल्सला मॉस्कोच्या जागी बसवले. १८४८ च्या क्रांतीच्या स्मृतिदिनी, १५ मार्च २०१२ रोजी, हंगेरी वसाहत होणार नाही, असे त्यांनी जाहीर सभेत सांगितले. २०१६ मध्ये निर्वासितांच्या वाटपावर सार्वमत झाले. ९८ टक्के वैध मते सरकारच्या बाजूने पडली, परंतु वैध मतदान निम्म्याहून कमी राहिल्याने ते रद्दबातल ठरले. तरीही सरकारने तो आपलाच कौल मानला. २०१७ मध्ये घरोघरी प्रश्नावली पाठवण्यात आली आणि तिचे नावच ‘ब्रसेल्सला रोखू या’ असे होते. त्याच सुमारास मूळचे हंगेरियन असलेले अमेरिकी धनिक जॉर्ज सोरोस यांचे हसरे चेहरे सरकारी खर्चाने भिंतींवर झळकले आणि २०१८ च्या निवडणुकीचा प्रचार त्यांच्याभोवती फिरला. एवढे होऊनही संघातून बाहेर पडण्याची मागणी ओर्बान यांनी केली नाही. संघाचा निधी हंगेरीला हवा होता आणि बहुसंख्य मतदारांनाही सदस्यत्व हवे होते.

डिसेंबर २०२३ मध्ये हंगेरीच्या संसदेने सार्वभौमत्व संरक्षणाचा कायदा केला आणि त्याखाली एक स्वतंत्र कार्यालय उभे राहिले. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्था, पत्रकार आणि राजकीय गट यांची चौकशी करण्याचे अधिकार त्याला मिळाले. बाहेरच्या सत्तेविरुद्ध सुरू झालेली भाषा येथे देशातील टीकाकारांपर्यंत येऊन पोहोचली. दुसऱ्या देशांच्या सार्वभौमत्वाबाबत मात्र मोजमाप वेगळे राहिले. २०१० मध्ये हंगेरीने शेजारच्या देशांतील हंगेरियन भाषकांना नागरिकत्व देण्याचा कायदा केला, पुढे मताधिकारही दिला. स्लोव्हाकियाने त्याला आपल्या कारभारातील हस्तक्षेप मानले आणि दुसरे नागरिकत्व घेणाऱ्यांचे स्वतःचे नागरिकत्व काढून घेणारा कायदा केला.

पोलंडच्या ‘कायदा आणि न्याय’ पक्षाने २०१५ मध्ये सत्ता मिळवली आणि देश गुडघ्यांवरून उठून उभा राहत आहे, ही प्रतिमा रुजवली. सरकारी पत्रकार परिषदांतून युरोपीय संघाचे झेंडे हटले. न्यायव्यवस्थेतील बदलांवरून संघाशी दीर्घ संघर्ष झाला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये देशाच्या घटना न्यायाधिकरणाने युरोपीय करारांतील काही कलमे पोलंडच्या राज्यघटनेशी विसंगत ठरवली. २०२३ च्या निवडणुकीतील या पक्षाची एक चित्रफीत त्याच्या प्रचाराचे सार सांगते. पक्षाध्यक्ष यारोस्वाव काचिन्स्की यांना जर्मन वकिलातीतून दूरध्वनी येतो; निवृत्तीच्या वयाबाबत चान्सलरना बोलायचे आहे, असे सांगितले जाते. काचिन्स्की उत्तर देतात की याचा निर्णय पोलिश जनता सार्वमतात करील. माजी पंतप्रधान आणि तेव्हाचे विरोधी नेते डोनाल्ड टुस्क आता सत्तेवर नाहीत आणि त्या पद्धतीही गेल्या, असेही ते सुनावतात. थोडक्या सेकंदांत परकी सत्ता, घरचा फितूर आणि राखणदार पक्ष अशी तिन्ही पात्रे उभी राहतात. निवडणुकीच्याच दिवशी, १५ ऑक्टोबरला, सरकारने चार प्रश्नांचे सार्वमतही ठेवले होते. निवडणुकीला ७४ टक्के मतदार आले; सार्वमताची मतपत्रिका घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४१ टक्केच राहिले आणि ते बंधनकारक ठरले नाही. पक्ष पहिला आला, पण त्याचे बहुमत गेले. जनतेच्या नावाने विचारलेला प्रश्नच जनतेने नाकारल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

युरोपीय संघाबाहेरचा स्वित्झर्लंडही या चित्रात बसतो. १९९२ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रात जाण्याचा प्रस्ताव तेथील ५०.३ टक्के मतदारांनी फेटाळला आणि त्या प्रचारातून क्रिस्टोफ ब्लोखर आणि त्यांचा स्विस पीपल्स पार्टी हा पक्ष पुढे आला. १२९१ च्या सनदेत डोंगरी खोऱ्यांनी परके न्यायाधीश नाकारले होते. त्या आठवणीवर पक्षाने आधुनिक प्रचार उभारला. २०१८ मध्ये स्विस राज्यघटनेला आंतरराष्ट्रीय करारांवर अग्रक्रम देण्याचा त्याचा प्रस्ताव सार्वमताला गेला तेव्हा सुमारे ६६ टक्के मतदारांनी तो नाकारला. करार मोडण्याचा अधिकार वापरला तर बाजारपेठ आणि स्वतःचे मूलभूत हक्क या दोहोंवर परिणाम होईल, हा विरोधकांचा युक्तिवाद तेथे चालला. हाच विषय सविस्तर चर्चेला आला की मतदार केवळ भावनेवर जात नाही, असा याचा अर्थ आहे.

इटलीचे उदाहरण या सर्वांच्या मुळाशी नेते. लेगा नॉर्ड या पक्षाने १९९६ मध्ये उत्तर इटलीचे ‘पदानिया’ नावाचे स्वतंत्र राष्ट्र घोषित केले होते. तेव्हा त्याच्या लेखी परकी सत्ता रोमची होती. मात्तेओ साल्विनी यांनी पक्षाच्या नावातला ‘नॉर्ड’ बाजूला ठेवला आणि २०१८ मध्ये ‘आधी इटालियन’ ही घोषणा देऊन सुमारे १७ टक्के मते मिळवली. वीस वर्षांत ‘आपण’ आणि ‘परके’ यांतील रेषाच हलली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये, या पक्षाचा सहभाग असलेल्या आघाडीचे पंतप्रधान जुझेप्पे कोंते यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सार्वभौमत्ववादाचा आरोप खोडताना सांगितले की सार्वभौमत्व आणि जनता हे दोन्ही शब्द इटलीच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातच आहेत. ते खरे आहे. त्याच अनुच्छेदाचा उत्तरार्ध मात्र रीत आणि मर्यादा सांगतो. प्रचारात पूर्वार्ध उच्चारला जातो आणि उत्तरार्ध गळतो. या पक्षांच्या भाषेतील मूळ दोष तो हाच.

या प्रचाराचा प्रभाव त्या पक्षांपुरता राहिलेला नाही. माक्राँ यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये सोर्बोन विद्यापीठातील भाषणात ‘युरोपीय सार्वभौमत्वा’ची कल्पना मांडली : चीन, अमेरिका किंवा मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या यांच्यापुढे एकेकटे देश अपुरे पडतात, म्हणून सत्ता एकत्र केली तरच ती वापरता येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा शेजारी देशाच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न आला आणि हे पक्ष फुटले; पोलंडचा ‘कायदा आणि न्याय’ युक्रेनच्या पाठीशी ठामपणे उभा राहिला, ओर्बान यांनी २०२२ च्या विजयसभेत विरोधकांच्या यादीत युक्रेनच्या अध्यक्षांचेही नाव घेतले. २०२४ मध्ये युरोपीय संसदेत ‘पॅट्रियट्स फॉर युरोप’ आणि ‘युरोप ऑफ सॉव्हरिन नेशन्स’ असे दोन गट स्थापन झाले. राष्ट्राराष्ट्रांतील या पक्षांनी त्यांत हातमिळवणी केली आहे. निर्वासितांना दुसऱ्याने घ्यावे की कोणीच घेऊ नये, अशा प्रश्नांवर मात्र त्यांचे हितसंबंध एकमेकांना छेद देतात.

या पक्षांच्या गाऱ्हाण्यातील तथ्य मान्य करणे आवश्यक आहे. युरोपीय संघाचे निर्णय सामान्य नागरिकाला समजत नाहीत आणि त्यासाठी जबाबदार कोणाला धरायचे, हे कळत नाही. याला राष्ट्रीय सरकारेही कारणीभूत आहेत. ब्रसेल्समधील परिषदेत त्यांचेच मंत्री बसतात, आयोगाचे सदस्य तीच सुचवतात. घरी परतल्यावर मात्र अप्रिय निर्णयाचे खापर ब्रसेल्सवर फोडले जाते. थेट निवडून येणारी युरोपीय संसद १९७९ पासून आहे, पण तिच्या निवडणुका देशोदेशीच्या भांडणांवरच लढवल्या जातात. मतदारांना निर्णयात भाग हवा आहे, ही मागणी लोकशाहीचीच आहे. मुख्य प्रवाहातील पक्षांनी तिला वर्षानुवर्षे तांत्रिक उत्तरे दिली आणि मैदान मोकळे सोडले.

मागणी रास्त असली तरी तिच्या नावाने काय मिळवले जाते, हे तपासावे लागते. देशाबाहेरून परत आणलेला अधिकार देशात कोणाच्या हाती जातो, हा निकष त्यासाठी पुरेसा आहे. तो संसदेकडे, स्थानिक संस्थांकडे, नागरिकांकडे जात असेल आणि त्यावर न्यायालयांचे व वृत्तपत्रांचे लक्ष राहत असेल, तर जनतेचे सार्वभौमत्व खरोखर वाढते. तो केवळ सत्ताधारी पक्षाकडे आणि त्याच्या नेत्याकडे जात असेल, न्यायाधीश शत्रू ठरत असतील आणि टीकाकार परक्यांचे हस्तक ठरत असतील, तर राष्ट्राच्या नावाने जनतेचाच अधिकार आटतो. ब्रिटन, हंगेरी, पोलंड आणि स्वित्झर्लंड यांचे अनुभव हा निकष लावून एकमेकांशेजारी ठेवता येतात. आपल्यावर परक्यांची सत्ता नसावी, ही अपेक्षा न्याय्य आहे. आपल्याच सरकारला जाब विचारता यावा आणि पुढच्या निवडणुकीत ते बदलता यावे, हेही त्याच सार्वभौमत्वाचे अंग आहे. पहिल्या अंगाचे वचन देणाऱ्या पक्षाकडून मतदाराने दुसऱ्या अंगाची हमी मतदानाआधीच मागितली पाहिजे.